बाराटांगची एकदिवसीय सहल : खाडी आणि गुहा उत्तम, जाहिरात आक्षेपार्ह

अंदमानला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी जातात आणि मग सहलीत ‘बाराटांग’ या बेटासाठी एक दिवस जोडून घेतात. आम्हीही तेच केले. आमच्या पर्यटन कंपनीच्या पत्रकात चुनखडीच्या गुहांच्या आधी, ठळक अक्षरांत, ‘आदिवासी दर्शन’ असे छापले होते. या परीक्षणातील माझी मुख्य तक्रार त्या दोन शब्दांविषयी आहे.

पहाटे तीनला पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) निघून आम्ही जिरकाटांगच्या तपासणी नाक्यावर पोहोचलो. तेथून मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीपर्यंतचा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानेच सोडतात. थांबणे, छायाचित्र काढणे, खाद्यपदार्थ देणे, सर्व निषिद्ध आहे. 1956 च्या आदिवासी संरक्षणविषयक विनियमानुसार यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. एवढे असूनही आमच्या चालकाने ‘नशीब असेल तर दिसतील’ असे सांगून वेग कमी केला, आणि मागच्या आसनावरील एका काकांनी बिस्किटांचा पुडा हाताशी काढून ठेवला. त्यांना मी अडवले, तेव्हा ते नाराज झाले.

2011 च्या जनगणनेत जारवांची संख्या चारशेच्याही आत होती. बाहेरच्या लोकांशी त्यांचा नियमित संपर्क 1998 च्या सुमारास सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवराची साथ पसरली. त्यामुळे बिस्किटाचा पुडा ही निरुपद्रवी माया नव्हे. हा रस्ता राखीव क्षेत्रापुरता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला होता. तरी ताफे आजही जातात, आणि त्यांतल्याच एका गाडीत मी बसलो होतो, हेही नमूद केले पाहिजे.

मिडल स्ट्रेटला गाडीसह फेरीबोटीने पलीकडे गेल्यावर मात्र सहलीचे सोने झाले. स्पीड बोट खारफुटीच्या खाडीतून जाते. शेवटी फांद्यांची कमान इतकी खाली येते की सर्वांना मान वाकवावी लागते. पुढे सुमारे दीड किलोमीटर चालल्यावर गुहा लागते. छतापासून लोंबणारे चुनखडीचे सुळके पाण्याच्या थेंबाथेंबाने अजून वाढत आहेत, म्हणून त्यांना हात लावू देत नाहीत. चिखलाचा ज्वालामुखी वगळला तरी चालेल. तेथे बुडबुडे सोडणारा करडा चिखल आहे, इतकेच.

द्वीपांतील मूळ रहिवाशांविषयी खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर पोर्ट ब्लेअरमधील मानववंशशास्त्रीय संग्रहालयाला निवांत दोन तास द्यावेत. ओंगे, जारवा, सेंटिनेली, ग्रेट अंदमानी, निकोबारी आणि शोंपेन यांची अवजारे, होड्या आणि घरांच्या प्रतिकृती तेथे पाहता येतात. आमच्या कंपनीच्या कार्यक्रमात ते संग्रहालय नव्हते. आम्ही रिक्षा करून गेलो.