नाकातून दुर्बिणीने केलेली अश्रुनलिकेची शस्त्रक्रिया : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझा उजवा डोळा दोन वर्षे पाझरत होता. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दाबले की पापणीच्या काठावरील बारीक छिद्रातून पिवळट, चिकट पू वर येई, तरीही मी थेंबांवरच दिवस काढले. मोतीबिंदूच्या तपासणीत डॉक्टरांनी त्या छिद्रातून पिचकारीने मिठाचे पाणी सोडले, तेव्हा ते घशात न उतरता वरच्या पापणीच्या छिद्रातून परत आले, म्हणजे डोळ्यातले अश्रू नाकात नेणारी नलिका बुजली होती. अश्रुपिशवीत (नलिकेच्या सुरुवातीला अश्रू साठतात त्या पिशवीत) पू असताना मोतीबिंदू काढला, तर संसर्ग डोळ्याच्या आत शिरू शकतो, म्हणून आधी हा मार्ग मोकळा करणे भाग होते.

बाहेरून छेद देण्याची, १९०४ मध्ये इटलीच्या टोटी यांनी मांडलेली पद्धत आजही उत्तम मानली जाते. मी मात्र नाकातून करण्याचा मार्ग निवडला, कारण त्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि माझ्या नाकाचा वाकडा पडदाही त्याच वेळी सरळ करता येणार होता. पूर्ण भूल देऊन हाडाचा लहानसा भाग काढला, पिशवी थेट नाकात उघडली आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंतच्या त्या वाटेत सिलिकॉनची नळी ठेवली.

खरी कसोटी नंतर लागली. दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडे ठेवून द्यायची आणि दिवसातून तीन-चार वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे, हे सारे कंटाळवाणे असले तरी त्यात कुचराई करू नये, असे मी कळकळीने सांगेन, कारण आत खपल्या साचल्या किंवा मांस वाढले तर नवी वाट पुन्हा बुजू शकते. तिसऱ्या आठवड्यात झोपेत डोळा चोळला गेला आणि नळीचा पारदर्शक फास कोपऱ्यातून बाहेर लोंबू लागला. असे होऊ शकते, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. मी फार घाबरलो. ती स्वतः ओढायची किंवा कापायची नसते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहत ती नाकातून खाली ओढून जागेवर बसवली आणि तिसऱ्या महिन्यात काढून टाकली.

त्या दिवशी पिचकारीचे पाणी घशात उतरले व खारट चव लागली, तेव्हा मला भरून आले. सहाव्या महिन्यात मोतीबिंदूही निघाला. गार वाऱ्यात डोळा अजून किंचित पाणावतो, आणि नाक जोरात शिंकरले की कोपऱ्यात हवेची झुळूक जाणवते. वाट उघडी असल्याची ती खूण आहे, असे डॉक्टर म्हणाले.