फुकटचा कन्व्हर्टर आणि गिऱ्हाइकांचे अंगठे

सांगलीत विजयनगर भागात माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, बक्षीसपत्रं, खरेदीखतांचे मसुदे, बँकेच्या कर्जाचे अर्ज, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका. सोळा वर्षं हेच करतेय. मागच्या दिवाळीनंतर माझी जी फसवणूक झाली ती सगळी लिहून काढतेय. माझ्यासारखी दुकानं प्रत्येक तालुक्याला कचेरीसमोर ओळीनं आहेत, आणि तिथल्या संगणकात दुसऱ्यांचे कागद भरलेले आहेत.

सुरुवात एका साध्या कामातून झाली. एका वकीलसाहेबांचा चाळीस पानांचा जुना दस्त श्रीलिपीत टाइप केलेला होता, तो त्यांना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा मराठीत, हवा होता. या धंद्यातल्या लोकांना ही अडचण माहीत आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता गिचमिडा दिसतो. चाळीस पानं पुन्हा टाइप करायची तर दोन दिवस गेले असते. म्हणून ‘मराठी फॉन्ट कन्व्हर्टर फ्री डाउनलोड’ असं शोधलं आणि वरची एक साइट उघडली.

त्या पानावर डाउनलोडची तीन मोठी हिरवी बटणं होती. तिन्ही जाहिराती होत्या, हे मला नंतर कळलं. खरी लिंक खाली बारीक करड्या अक्षरांत होती. मी सगळ्यात मोठं बटण दाबलं. मध्येच एक चौकट आली, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.’ दाबलं. फाइल आली. अँटिव्हायरसनं अडवली, तर त्याच पानावर लिहिलेलं होतं की अँटिव्हायरस चुकून अडवतो, पाच मिनिटं बंद ठेवा. ठेवला. मग ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेले, कारण गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि प्रिंटरवर दुसरं काम चालू होतं.

कन्व्हर्टर चालला, पण अर्धवट. ‘कर्ज’चं ‘कजर्’ झालं, ‘विहीर’ची वेलांटी मागच्या शब्दाला जाऊन चिकटली. शेवटी निम्मी पानं हातानंच टाइप करावी लागली.

इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्यानं नंतर तीच फाइल एका रिकाम्या, इंटरनेट काढलेल्या जुन्या संगणकावर चालवून दाखवली. मी ‘नेक्स्ट’ म्हणत पुढे गेले त्या प्रत्येक पायरीवर ‘एक्सप्रेस’ असा पर्याय आधीच निवडलेला होता. शेजारच्या ‘कस्टम’वर टिचकी मारली की खाली चार चौकटी उघडायच्या, चारही आधीच टिक केलेल्या. एक ब्राउझरची पट्टी, एक नवं सर्च पान, एक ‘संगणक वेगवान करा’ नावाचा प्रोग्रॅम आणि एक खरेदीचे कूपन दाखवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम. त्या शेवटच्याच्या परवानगीत स्पष्ट लिहिलेलं होतं, ‘तुम्ही भेट देत असलेल्या सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे.’ सर्व वेबसाइट म्हणजे माझी नेट बँकिंगसुद्धा. ते वाक्य त्या दिवशी मी वाचलं नाही.

पुढचे दोन आठवडे त्रास नुसता वाढत गेला. ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान यायचं. मी बदलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उजव्या खालच्या कोपऱ्यात सारखे पॉप-अप, ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’, ‘तुम्हाला फोन बक्षीस लागला’. एकदा दुकानात मायलेकी बसल्या होत्या आणि त्या कोपऱ्यात नको ती जाहिरात आली. मला मान वर करता येईना. ब्राउझरच्या मेनूच्या तळाशी ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी एक ओळही दिसायला लागली. माझ्या दुकानात कुठली आलीय संस्था? ऑफिसच्या संगणकावर ती ओळ दिसणं ठीक. घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर अचानक दिसली, तर कुणीतरी सेटिंग आपल्या हातात घेतल्याची ती खूण असू शकते, हे लक्षात ठेवा.

मग एका दुपारी संपूर्ण पडदा निळा झाला. भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत मोठ्यानं बोलायला लागली की संगणक बंद करू नका, तुमचा डेटा चोरीला जातोय. मध्यभागी फोन नंबर होता आणि विंडोजचं चिन्ह होतं. बंद करायची फुली दिसेना. बाहेर तीन गिऱ्हाइकं थांबलेली. मी त्या नंबरवर फोन केला.

इथं थांबून एक गोष्ट सांगते, कारण हीच मला माहीत असती तर पुढचं काही घडलं नसतं. तो निळा पडदा म्हणजे पूर्ण स्क्रीनवर उघडलेलं एक वेबपान असतं. एस्केपचं बटण दाबून धरलं तर बऱ्याचदा पडदा लहान होतो. नाही झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर तिथून बंद करायचा. तेही जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून ठेवायचं. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पानं उघडू का’ विचारलं तर नाही म्हणायचं. आणि मायक्रोसॉफ्टनं स्वतः जाहीर केलेलं आहे की त्यांच्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती फसवणूकच.

फोनवरचा मुलगा हिंदीत बोलत होता, फार अदबीनं. ‘मॅडम, घाबरू नका, मी आहे.’ त्यानं दुरून संगणक चालवायचं एक सॉफ्टवेअर घालायला लावलं आणि त्यातला नऊ आकडी नंबर मागितला. मी सांगितला, आणि माउसचा बाण आपोआप हलायला लागला. त्यानं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली. ‘बघा मॅडम, एवढे हल्ले झालेत.’ ते बघून माझे हातपाय गळाले. नंतर भाच्यानं त्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर तीच यादी उघडली, तिथंही लाल खुणा होत्या. चांगल्या चालणाऱ्या प्रत्येक विंडोजमध्ये त्या असतात, कुठलीशी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, अशा किरकोळ नोंदी. ते दाखवूनच माणसाला घाबरवतात.

तीन वर्षांच्या ‘सुरक्षा योजने’चे ५,९०० रुपये मी यूपीआयनं भरले. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्याशा माणसाचं होतं. मला ते दिसलं, खटकलं, तरी मी पुढे गेले. मग तो म्हणाला, नोंदणीसाठी फोनवर कोड येतील ते सांगा. दोन कोड सांगितले. पडदा काळा झाला, ‘स्कॅन चालू आहे, माउसला हात लावू नका.’ पस्तीस मिनिटं मी काळ्या पडद्यासमोर हात बांधून बसले.

रात्री नऊला घरी फोन चार्जिंगला लावताना बँकेचे मेसेज दिसले. चालू खात्यातून दोन वेळा मिळून ४२,००० रुपये गेले होते. नेट बँकिंगचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला होता, आणि ते कोड म्हणजे ओटीपी होते. मेसेजमध्ये रक्कम आणि ‘कुणालाही सांगू नका’ असं दोन्ही लिहिलेलं होतं, पण तो घाई करत होता आणि मी फक्त आकडे वाचून दाखवले.

त्या रात्री मी आणखी एक चूक केली. सकाळी बँक उघडल्यावर जाऊ म्हणून झोपायचा प्रयत्न केला. त्याच वेळी १९३० वर फोन करायला हवा होता. हा सरकारचा हेल्पलाइन नंबर आहे, याच कामासाठी. तिथं तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून ते अडवून ठेवायची सोय आहे. चोर ते पैसे खात्यातून खात्यात फिरवत असतात, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. माझे तेरा तास वाया गेले. तरीही ७,२०० रुपये एका खात्यात अडले, ते कोर्टाच्या आदेशानं मिळायचे आहेत. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर केली आणि पोलिसांकडेही गेले. पडद्याचे फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, फोन नंबर, सगळं जपून ठेवा, तिथं लागतं. बँकेत मला रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं. ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणूनही पहिला फोन लवकर जायला हवा.

संगणकाचं काय केलं तेही सांगते. आधी इंटरनेटची वायर काढली. कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, प्रोग्रॅम एकही घेतला नाही, आणि संगणक फॉर्मॅट करून विंडोज नव्यानं टाकलं. पासवर्ड बदलले ते त्या संगणकावरून नाही, भाच्याच्या लॅपटॉपवरून. लागण झालेल्या यंत्रावर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे तोही चोराला देणं. फॉर्मॅट करण्याआधी भाच्यानं मला एक दाखवलं. कोपऱ्यातले पॉप-अप हा व्हायरस नव्हताच. पहिल्या दिवशी मी जे ‘अलाउ’ दाबलं होतं त्यानं त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, तिथून नाव काढलं आणि सगळे पॉप-अप थांबले. ज्याला मी दोन आठवडे घाबरत होते ते एका मिनिटात गेलं, आणि जे खरं घातक होतं ते गुपचूप बसलेलं होतं.

फुकट मिळणारं सगळं वाईट असतं असं मी म्हणत नाही. लिब्रेऑफिस मी आजही वापरते, तेही फुकटच आहे, पण ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेलं. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र संगणक साफ करायची साधनं फुकट देतं. अडचण आहे ती मधल्या डाउनलोड साइटची. आणि कुठलीही साइट अँटिव्हायरस बंद करा म्हणाली तर तिथूनच मागं फिरा.

पण हे लिहायला बसले ते पैशासाठी नाही. ४२,००० मी भरून काढीन. त्या पस्तीस मिनिटांत माझ्या संगणकातून काय गेलं हे मला कुणीच सांगू शकलं नाही, ते मनातून जात नाही. त्यात ‘दस्त’ नावाचा फोल्डर होता. सहा वर्षांची खरेदीखतं आणि बक्षीसपत्रं, स्कॅन केलेली. प्रत्येकात आधार क्रमांक आणि अंगठ्याचे ठसे.

आपल्या गावांत माणसं किराणा दुकानात आधार क्रमांक सांगतात, बोट टेकवतात आणि खात्यातून पैसे काढतात. त्याला ओटीपी लागत नाही. जमिनीच्या दस्तावरचे ठसे उचलून, त्यावरून सिलिकॉनचा अंगठा करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीला आलेले आहेत. हे पोलिसांनी समजावलं तेव्हा मी खुर्चीत बसून राहिले.

त्या फोल्डरमधली माणसं मोजली, २१४. रोज दुकान बंद केल्यावर एकेकाला फोन केला. काय झालं ते सांगितलं, माफी मागितली, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं. आधारच्या सरकारी ॲपमधून किंवा यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून ते करता येतं. लॉक असेपर्यंत अंगठ्यावर पैसे निघत नाहीत, रेशनला वगैरे ठसा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. आपला आधार कुठं कुठं वापरला गेला त्याची यादीही तिथं दिसते. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन जोडावा लागतो.

काही जण रागावले, त्यांचा राग रास्त होता. तासगावकडच्या एका बागायतदार आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे ताई, माझा अंगठा आता कुठं कुठं गेला आसंल?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं दुकानात आले. मी त्यांना आधार केंद्रात नेलं, मोबाइल जोडून घेतला. तो नोंदला गेल्यावर लॉक करून दिलं आणि बँकेच्या पासबुकात एंट्री मारून आणली. पैसे जागेवर होते. त्यांनी पासबुक दोनदा डोळ्याजवळ धरून बघितलं आणि खिशात ठेवलं.

आता दस्ताची फाइल गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर देते आणि त्याच्या समोर माझ्या संगणकातून काढून टाकते, रिसायकल बिनमधूनसुद्धा. बँकेचं काम त्या संगणकावर करत नाही.

२१४ पैकी १९ जणांचे फोन अजून लागत नाहीत. त्यातले सात जतच्या बाजूच्या दोन गावांतले आहेत, पत्ते दस्तावर आहेत. येत्या रविवारी भाच्याला घेऊन तिकडं जाणार आहे.