लसूणघास, टिमोथी आणि डोंगरी गवत : दोन सशांना दहा महिने घालून पाहिल्यानंतर

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या साताऱ्याच्या घरी सशाची दोन पिल्लं आली, म्हणून एकीचं नाव तिळू आणि दुसरीचं गुळी. तेव्हा दोघी जेमतेम दोन महिन्यांच्या होत्या. आता दिवाळी होऊन गेली. एवढ्या दिवसांत हिरवा लसूणघास, पाकिटातल्या खाद्याच्या गोळ्या, टिमोथी नावाचं थंड हवेतलं गवत, हरळी, डोंगरी गवत आणि नाना तऱ्हेचा खाऊ त्यांच्यापुढे ठेवून झाला. चुकलं ते आधी सांगते. मला ते वेळेत कळलं असतं तर गुळीचे हाल झाले नसते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, यांचा जन्म गुराढोरांत गेला. पिल्लं आली त्याच संध्याकाळी ते वैरणवाल्याकडून घासाची पेंडी घेऊन आले. "वाढत्या जिवाला घासासारखं दुसरं काही नाही बघ," म्हणाले. आणि ते खरंच होतं. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लांना लसूणघास मानवतो, हाडं भरतात. गाभण आणि पाजणाऱ्या मादीलाही तो चालतो. ओला घास भरपूर खाल्ला की गाय फुगते हे अण्णांना पक्कं ठाऊक. त्यामुळे पेंडी सोडून सावलीत पसरायची, थोडी सुकली की मूठभर द्यायची, सोबत वाळलं गवत ठेवायचं, ही पद्धत त्यांनीच लावली. ढीग करून मात्र ठेवू नका, आतून गरम होतो आणि कुबट वास मारायला लागतो. असा घास सशाला देऊच नये.

दोघी सहा महिन्यांच्या झाल्या, मे गेला, जून गेला, तरी आमचा घास चालूच राहिला. त्यात दुकानदाराने दिलेल्या सशांच्या गोळ्या होत्या. पाकिटावर घटकांमध्ये पहिलं नाव अल्फाल्फा. मला वाटलं, असेल काहीतरी परदेशी पौष्टिक. लसूणघास आणि अल्फाल्फा ही एकाच वनस्पतीची दोन नावं आहेत, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणजे सकाळी वाटीतून आणि संध्याकाळी पेंडीतून मी एकच गोष्ट दोनदा घालत होते.

श्रावणात गुळीच्या ट्रेमध्ये चुना कालवल्यासारखी दाट, पांढरी लघवी दिसायला लागली. वाळली की खडूच्या भुकटीसारखी पूड व्हायची. ती ट्रेमध्ये पाठ वाकवून कितीतरी वेळ बसून राहायची आणि दोन थेंब करून बाहेर यायची. सशाची लघवी थोडी गढूळ असतेच, कधी पालेभाजीमुळे तांबूसही होते, त्याला घाबरायचं कारण नाही. हे वेगळं होतं. जवळच्या डॉक्टरांकडे बहुतेक गाई-म्हशीच येतात. त्यांनीच सशांवर उपचार करणाऱ्या पुण्यातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रेमध्ये मूत्राशयात वाळूसारखा थर दिसला.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपलं शरीर गरजेपुरतंच कॅल्शियम अन्नातून उचलतं. सशाचं तसं नाही. खाण्यात जितकं जास्त, तितकं जास्त रक्तात जातं आणि उरलेलं मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. वाळलेल्या लसूणघासात साध्या गवताच्या साधारण तिप्पट कॅल्शियम असतं आणि प्रथिनं जवळपास दुप्पट. वाढ थांबल्यावर ते सगळं जाणार कुठे? तिळूला काहीच झालं नाही, याचंही कोडं नंतर सुटलं. तिळू दांडेसुद्धा खाते, गुळी नेमका पाला खुडते, आणि घासाचा कस पाल्यातच असतो.

आम्ही घास त्याच दिवशी बंद केला. तरी तीन आठवडे फारसा फरक पडेना. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांचं पाकीट दाखवा." मी फोनमधला फोटो दाखवला आणि तिथे मला तो दुहेरी हिशोब कळला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता गवताच्या गोळ्या आणल्या आहेत. त्याही मोजून, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आतच. पाण्यासाठी बाटली काढून जड मातीचं भांडं ठेवलं, त्यातून त्या दुप्पट पाणी पितात.

गवताबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सशाच्या पोटात दिवसभर जायचं ते गवतच. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. गवताची लांब काडी आडवी चावतानाच दाढा झिजतात. मऊ खाऊन ते होत नाही. टिमोथी उत्तम आहे, वासही गोड, पण थंड हवेचं गवत असल्यामुळे ते लांबून येतं आणि महाग पडतं. आमच्या पावसाळ्यात पाकीट उघडलं की आठवड्यात सादळतं. हरळी शेतकऱ्याला नकोशी आणि सशाला जीव की प्राण. फक्त तणनाशक मारलेल्या बांधावरची आणू नका. दसऱ्यानंतर साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्याकडून डोंगरी गवताच्या पेंढ्या यायला लागल्या आणि माझा प्रश्न मिटला. एक धोका आहे, कुसळं. ती डोळ्यात, हिरडीत रुततात. म्हणून पेंढी झटकून, काडी-काडी पाहून मगच द्यायची. नवं गवत एकदम देऊ नका, आम्ही जुन्यात मिसळत तीन आठवडे घेतले.

आता खाऊ. चित्रातला ससा गाजर खातो म्हणून येणारा प्रत्येक पाहुणा गाजर घेऊन येतो. गाजर गोड आहे, बोटाच्या पेरापेक्षा जास्त नको. केळ्याने तर मे महिन्यात गुळीचं मागचं अंग चिकट झालं. मला वाटलं जुलाब. त्या खरं तर रात्रीच्या मऊ लेंड्या होत्या, द्राक्षाच्या बारीक घडासारख्या. ससा त्या पुन्हा खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. गोड किंवा कसदार खाणं जास्त झालं की तो त्या खात नाही, त्या केसांना चिकटतात. पावसाळ्यात तिथे माशी बसली तर अळ्या पडतात, म्हणून रोज उलटं करून बघा. दह्याच्या गोळ्या आणि मध लावलेल्या धान्याच्या कांड्या मी एकेकदा आणल्या होत्या. पुन्हा आणणार नाही. सासूबाईंचा खाऊ सगळ्यांत चांगला ठरला. परसातल्या जास्वंदीचं एक फूल देवाला आणि एक या दोघींना. शिवाय कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बारा तास सशाने काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर उद्या बघू म्हणू नका, लगेच डॉक्टर गाठा.

गुळीची लघवी आता साफ आहे, वजन १ किलो ९०० ग्रॅम. अण्णांना घास बंद केल्याचं सुरुवातीला वाईट वाटलं होतं. आता रोज संध्याकाळी चष्मा लावून कुसळं तेच वेचतात. पुढच्या पावसाळ्यासाठी चाळीस पेंढ्या सांगून ठेवल्या आहेत. माळ्यावर फळ्या टाकल्यात, म्हणजे खालून ओल लागणार नाही.