फुकटच्या टॅग मॅनेजरचं 'लायसन्स', आणि अक्कलखाती गेलेले ६२,३२५

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लाजत बसायला नको. ६२,३२५ रुपये. त्यातले १८,५०० सेटअपचे, १४,७५० 'लायसन्स'चे आणि २९,०७५ बोनसचे. त्या काळात जाहिरातींवर उडालेले १,८६,४०० वेगळे. ते, साइटवरची मोजणी लावायला आम्ही ज्या बाहेरच्या माणसाला काम दिलं होतं, त्याच्या खिशात गेले नाहीत, पण बरेचसे वाया गेले ते त्याच्याचमुळे.

लायसन्स कसलं, तर गूगल टॅग मॅनेजरचं, म्हणजे साइटवर मोजणीचे आणि जाहिरातींचे छोटे कोड (टॅग) बसवायच्या साधनाचं. जे २०१२ मध्ये आलं तेव्हापासून फुकट आहे. बड्या कंपन्यांसाठी ३६० नावाची पैसे मोजायची आवृत्ती आहे, पण आमच्यासारख्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. मी मात्र महिन्याला २,९५० असे पाच महिने भरले, पाचव्याचे तर आगाऊ. पावत्याही जपून ठेवल्यात. हसा.

आता माझी बाजू ऐका. मार्केटिंगमध्ये येऊन मला आठ महिने झाले होते आणि आमच्याकडे मार्केटिंग विभाग म्हणजे मी एकटी. एखाद्या बटणावर किती जण क्लिक करतात हे मोजायचं म्हटलं की डेव्हलपरचं ठरलेलं उत्तर, "पुढच्या आठवड्यात बघू." अशात कोणी येऊन म्हणालं की कोडचे दोनच तुकडे साइटवर टाका, एक हेडमध्ये आणि एक बॉडी सुरू होताच, मग पुन्हा डेव्हलपरच्या विनवण्या नकोत, तर कोण भाळणार नाही? आणि चीड याची येते की त्यात खोटं काहीच नव्हतं. टॅग म्हणजे काय चालवायचं, ट्रिगर म्हणजे कधी चालवायचं, व्हेरिएबल म्हणजे त्यासाठी लागणारी माहिती. एवढं डोक्यात बसलं की नेहमीच्या कामाला खरंच कोडिंग लागत नाही. दोन संध्याकाळी बसले असते तर मला जमलं असतं. बसलेही, पण पैसे गेल्यावर.

पहिला महिना त्याने चोख काम केलं. फॉर्म भरल्यावर जे थँक यू पेज उघडतं, त्यावरच कन्व्हर्जन टॅग, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्याने फॉर्म भरला हे मोजणारा टॅग, चालायचा. २३६ क्लिक, २७ कन्व्हर्जन, आणि इनबॉक्समध्ये मोजून २७ फॉर्म. सरांसमोर माझी मान ताठ झाली. मग तो म्हणाला, "मॅडम, आता कामाची वेगळी फी नको, निकालावर द्या. दर कन्व्हर्जनमागे २५ बोनस." सर खूश, मी त्याहून खूश. मोजणारा तोच आणि मोजणीवर पैसे घेणाराही तोच, तराजू आणि माप दोन्ही त्याच्याच हातात, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या महिन्याचा रिपोर्ट अजून डोळ्यांसमोर आहे. ४०२ क्लिक. ३८९ कन्व्हर्जन. म्हणजे जाहिरातीवर बोट ठेवणाऱ्या शंभरातल्या जवळजवळ सत्त्याण्णव जणांनी फॉर्म भरला! इनबॉक्समध्ये फॉर्म किती? १९. पहिल्या महिन्यापेक्षाही कमी. मी विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, "ते मायक्रो कन्व्हर्जन आहेत, शिवाय अ‍ॅट्रिब्युशनमध्ये थोडा लॅग असतो." मायक्रो कन्व्हर्जन म्हणजे फॉर्मच्या आधीच्या छोट्या पायऱ्या, अ‍ॅट्रिब्युशन म्हणजे गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीमुळे आलं ते ठरवणं, लॅग म्हणजे त्यातला उशीर. दोन्ही शब्द खरे आहेत, पण इथे दोन्हींचा काही संबंध नव्हता. आणि मी काय केलं? "हो हो, लॅग असतोच," म्हणाले. त्या मीटिंगमध्ये सहा माणसं होती. अ‍ॅट्रिब्युशन म्हणजे काय हे सहा जणांसमोर विचारायची मला लाज वाटली. त्या लाजेची किंमत २९,०७५.

पुढचे आकडे ३७१ आणि ४०३. चारशेच्या आसपास राहायचे, बेताबेताने. फॉर्म मात्र ११ आणि ८.

बिंग फोडलं ते हिशोब बघणाऱ्या ताईंनी. त्यांना ट्रिगर माहीत नाही की टॅग. त्या एवढंच म्हणाल्या, "एक हजार एकशे त्रेसष्ट लोकांचे पैसे आपण याला दिले ना? मग नावं दे बाई त्यांची, मी फोन लावते."

त्या रात्री कंटेनर उघडला, म्हणजे टॅग मॅनेजरमधला तो डबा, ज्यात आमच्या साइटचे सगळे टॅग आणि ट्रिगर असतात. मला 'रीड' परवानगी होती, म्हणजे बदलता काही येत नसलं तरी बघता सगळं येत होतं. चार महिने येत होतं! व्हर्जनच्या यादीत चौथ्या व्हर्जनला ना नाव, ना वर्णन; बोनसचा करार झाला त्याच दिवशी रात्री ११:५२ ला पब्लिश केलेलं. बदल एकच. कन्व्हर्जन टॅगचा 'थँक यू पेज' हा ट्रिगर काढून तिथे 'ऑल पेजेस' लावलेला. जाहिरातीवरून कोणीही आलं, पान उघडलं, की झालं कन्व्हर्जन. फॉर्म भरायचीही गरज नाही. खाली 'हेल्पर' नावाचा एक कस्टम एचटीएमएल टॅग होता, कुठल्याशा अनोळखी डोमेनवरून स्क्रिप्ट ओढणारा. कस्टम एचटीएमएल म्हणजे तुमच्या साइटवर कोणताही कोड चालवायची मोकळीक, फॉर्ममधले फोन नंबर वाचण्यासकट. ज्याच्या हाती पब्लिशची परवानगी, त्याच्या हाती घराची किल्ली. स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवले, आणि तुम्हीही आधी तेच करा, भांडण नंतर.

आणखी नुकसान बघा. जाहिरातीच्या एका क्लिकला किती मोजायचे, ती बोली ऑटोमॅटिक होती, कन्व्हर्जन वाढवायच्या हिशोबाने. पान उघडणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक आहे असं मशीनला सांगितलं, तर ते स्वस्तात स्वस्त क्लिक शोधत फिरणार. तेच झालं. खर्च तेवढाच, क्लिक जास्त, आणि येणारे लोक पान उघडून दोन सेकंदांत पळणारे.

सकाळी त्याला जाब विचारला. वीस मिनिटांत माझी परवानगी गेली. कंटेनर त्याच्या ईमेलवर बनवलेला, त्यामुळे मालक तो. 'ट्रान्सफर फी' म्हणून वर १२,००० मागितले. ते दिले नाहीत, या सगळ्यात एवढी एकच गोष्ट शहाणपणाची केली. साइटवरून त्याचे दोन्ही तुकडे काढले, कंपनीच्या ईमेलवर नवीन खातं उघडलं, नवा कंटेनर लावला. चाळीस मिनिटं लागली, चहासकट.

मग सुरू झाली खरी वारी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "टॅग म्हणजे काय, कपड्यांना असतो तो?" थट्टा नव्हती, ते लिहून घेत होते. "साइट हॅक झाली का?" नाही. "पासवर्ड चोरला?" नाही, त्याला आम्हीच आत घेतलं. "पैसे जबरदस्तीने घेतले?" नाही, मीच पाठवले. "मग हा तुमच्या व्यवहारातला वाद आहे, वकील बघा." दुसऱ्या खेपेला म्हणाले स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट आणा. नेल्या. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला अर्ज घेतला तो "टॅग हरवल्याबाबत" असा विषय टाकून, आणि मी सही केली, कारण पाचवी खेप मारायचं त्राण नव्हतं. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्ममध्ये तर आमच्या प्रकाराला रकानाच नाही. 'इतर' निवडलं की थोडक्यात मांडा म्हणे. बँक म्हणाली, ओटीपी तुम्ही टाकलात, व्यवहार अधिकृत. जाहिरातींच्या प्लॅटफॉर्मवर तीन वेळा चॅट केलं: क्लिक खऱ्या माणसांचे आहेत, परतावा बसत नाही, आमच्या सेवेला किती तारे द्याल? प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो आणि त्या दारावर आधीच्या दाराचा पत्ता चिकटवलेला असतो.

खातं तुमच्या ईमेलवर हवं, हे सांगायचं राहिलं. बाहेरच्या माणसाला 'एडिट' द्या, 'पब्लिश' देऊ नका. तो बदल करेल, बटण तुम्ही दाबाल. दाबायच्या आधी प्रिव्ह्यू चालवून बघा: होम पेज उघडा, कन्व्हर्जन टॅग तिथेच चालला तर थांबा. महिन्यातून एकदा कंटेनर एक्सपोर्ट करून फाइल आपल्याकडे ठेवा. टॅग मॅनेजरची 'लायसन्स फी' हे शब्द ऐकू आले की उठून चालू लागा. आणि रिपोर्टमधल्या आकड्याला इनबॉक्समधली नावं लावून बघा. मी आता दर सोमवारी बघते, ताई शेजारी बसतात.

बोनसचे २९,०७५ मी माझ्या पगारातून फेडतेय. सरांनी मागितले नव्हते, पण त्यांच्यासमोर बसवेना. अर्जाचं पुढे काही झालेलं नाही. त्याने मात्र आमचा ग्राफ आमचं नाव पुसून स्वतःच्या जाहिरातीत लावलाय: पहिला महिना जमिनीलगत, दुसऱ्या महिन्यात भिंतीसारखी सरळ वर गेलेली हिरवी रेघ, वर ३८९. दिसला तर ओळखा, तो आमचाच.