रोज एक पान, रोज एक अंतराळवीर: जानेवारीपासून वापरलेल्या टेबल कॅलेंडरबद्दल

नवऱ्याने हे ऑनलाइन मागवलं तेव्हा मी म्हटलं होतं, घरात कालनिर्णय आहे, बँकेचं आहे, दूधवाल्याने दिलेलं आहे, आता हे चौथं कशाला? पण हे तारीख बघायचं कॅलेंडर नाहीच. हाताच्या पंजाएवढं जाड बंडल, रोजचं एक पान, पुढे प्रश्न, मागे उत्तर. विषय एकच: माणूस अंतराळात जायला लागला तो सुरुवातीचा काळ, म्हणजे १९५७ ते १९७२. जमेल तिथे प्रश्न त्या-त्या तारखेच्या घटनेवर. शनिवार-रविवारला मिळून एक पान. भाषा इंग्रजी, पण सोपी.

आमच्याकडे ते ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी असतं. सकाळी मी डबे भरते, सातवीतला मुलगा प्रश्न वाचतो, सासूबाई मेथी नाहीतर गवार निवडत असतात आणि नवरा चहा घेता घेता उत्तर माहीत असल्याचा आव आणतो. या सगळ्यात कॅलेंडर कसं टिकलं, ते लिहिते.

यातले प्रश्न दोन जातीचे आहेत. एक जात म्हणजे पहिला कोण, किती वाजता, किती प्रदक्षिणा. हे अर्ध्या मिनिटात संपतात आणि दुपारपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. १६ जूनचं पान घ्या. अंतराळात गेलेली पहिली बाई, सोव्हिएतची तेरेश्कोवा, तिने पृथ्वीला किती प्रदक्षिणा घातल्या? पान उलटलं, उत्तर ४८. झालं! ती कापडाच्या गिरणीत कामाला होती, हौसेने पॅराशूट उड्या मारायची आणि त्या उड्यांमुळेच तिची निवड झाली, १९६३ मध्ये ती एकटी जवळजवळ तीन दिवस वर होती, तिच्यानंतर दुसरी बाई अंतराळात जायला १९८२ उजाडलं, यातलं एक अक्षर पानावर नाही. ते मी सांगितलं तेव्हा कुठे सासूबाईंनी मान वर केली. त्या लालबागच्या, वडील गिरणीत. म्हणाल्या, "गिरणीतली पोर गेली होय वर? आम्हाला शाळेत नुसतं नाव पाठ करायला लावलं."

दुसरी जात 'का' आणि 'कसं'ची. पैसे वसूल होतात ते इथे.

१८ मार्चचं पान वर्षातलं सगळ्यात चांगलं. १९६५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह यानाबाहेर पडला, बारा मिनिटं तरंगला, मग त्याला परत आत शिरता का येईना? बाहेर हवाच नाही, त्यामुळे आतल्या दाबाने पोशाख फुगून ताठ झाला आणि बोटं हातमोज्यांतून मागे सरकली. शेवटी त्याने झडप उघडून पोशाखातली हवा थोडी थोडी सोडली आणि ठरल्यापेक्षा उलटा, डोकं पुढे करून आत घुसला. मुलाला हे पटेना. मग भांडी घासायचा रबरी मोजा फुगवला, तोंड गच्च धरलं आणि त्याला एक बोट वाकवायला सांगितलं. वाकवलं की सोडताक्षणी टुणकन सरळ. पाच मिनिटं तेच चालू होतं, स्कूल बस चुकता चुकता राहिली. संध्याकाळी त्याने पुढचं विचारलं, तर ते पानावर नव्हतं: परतताना स्वयंचलित यंत्रणेने दगा दिला, त्याने आणि सोबतच्या बेल्यायेव्हने यान हाताने उतरवलं आणि पर्मकडच्या बर्फाच्या जंगलात दोन रात्री काढल्या.

५ मेचं पान सासूबाईंचं आवडतं. अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन शेपर्ड, त्याचं १९६१ चं उड्डाण १५ मिनिटांचं, म्हणून लघवीची काही सोयच केली नव्हती. पण रॉकेटच्या टोकावर तो चार तास अडकून पडला. शेवटी अंगावरच्या तारांचा वीजपुरवठा बंद करून परवानगी मिळाली आणि गडी पोशाखातच मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, "एवढं रॉकेट बांधलं आणि हे सुचलं नाही? एक तरी बाई होती का तिथे ठरवायला?" यावर नवऱ्याने चहा संपल्याचं निमित्त करून उठणं पसंत केलं.

२३ मार्चला जेमिनी ३, अमेरिकेचं दोघांचं यान. जॉन यंगने खिशातून लपवून सँडविच नेलं आणि वर जाऊन सोबतच्या ग्रिसमला दिलं. वजन नसलेल्या ठिकाणी पावाचे कण उडून यंत्रांत किंवा डोळ्यांत जायचे, म्हणून नासा खाण्याच्या वड्यांना जिलेटिनचा थर द्यायची. या सँडविचवर पुढे अमेरिकेच्या संसदेत विचारणा झाली. आमच्याकडे त्यावरून फराळाची छाननी झाली. चिवडा बाद, शेव बाद, रवा लाडू बाद, चकली वादग्रस्त. श्रीखंड एकमताने पास, कारण अमेरिकन अंतराळवीर ग्लेनने १९६२ मध्ये सफरचंदाचा गर ट्यूबमधूनच खाल्ला होता. अनारसा न्यायचा की नाही हा वाद अजून मिटलेला नाही.

आता तक्रारी. १२ एप्रिलचं, म्हणजे अंतराळात गेलेला पहिला माणूस, खुद्द गागारिन, त्याचं पान चुकलंय. उत्तरात छापलंय की तो यानात बसून जमिनीवर उतरला. नाही. साधारण सात किलोमीटर उंचीवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने वेगळा उतरला. त्याच्यासारख्या व्होस्तोक यानांतले सगळे तसेच उतरले, म्हणून तर तेरेश्कोवाच्या पॅराशूट उड्यांना एवढं महत्त्व. विक्रमाच्या नियमानुसार वैमानिकाने यानासकट उतरायला हवं होतं, म्हणून सोव्हिएत सरकारने ही गोष्ट बरीच वर्षं दडवली. "म्हणजे चीटिंग केली?" मुलाचा प्रश्न. नवरा म्हणाला हो, मी म्हटलं १०८ मिनिटांत पृथ्वीला चक्कर मारून जिवंत आलाय तो, तुझं काय जातं. कुकरने मध्यस्थी केली.

पेनाचीही तीच गत. नासाने लाखो डॉलर खर्चून अंतराळात चालणारं पेन बनवलं आणि रशियनांनी पेन्सिल वापरली, ही व्हॉट्सॲपवर फिरणारी थाप त्यांनी जशीच्या तशी छापलीय. ते पेन फिशर नावाच्या माणसाने स्वतःच्या पैशाने केलं, नासाने १९६८ मध्ये अपोलो ७ पासून वापरलं आणि पुढे सोव्हिएतनेही विकत घेतलं. उलट नासावर टीका झाली ती त्याआधी, सुमारे १२९ डॉलरला एक अशा पेन्सिली घेतल्या म्हणून. शिवाय पेन्सिलच्या शिशाची भुकटी वीज वाहून नेते, ती यानात तरंगणं धोक्याचंच. या दोन्ही चुकांबद्दल मी कंपनीला मेल केली. उत्तर आलं: खरेदीबद्दल धन्यवाद.

सगळ्यात खटकलं ते २७ जानेवारीचं पान. १९६७ मध्ये अपोलो १ यानाच्या सरावात ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी जमिनीवरच आगीत गेले. आत शुद्ध ऑक्सिजन भरलेला, दार आतल्या बाजूला उघडणारं. दाब वाढल्यावर ते उघडणं शक्यच नव्हतं. आणि पानावर कोपऱ्यात तेच रोजचं हसरं रॉकेट, प्रश्न "या तिघांची नावं सांगा!" उद्गारचिन्हासकट. दोन महिन्यांनी तो जेमिनी ३ चा सँडविचवाला ग्रिसम आला, तेव्हा मुलाने विचारलं, "हाच ना तो?" ते हसरं रॉकेट २४ एप्रिललाही आहेच, १९६७ मध्ये यान कोसळून गेलेल्या सोव्हिएत कोमारोव्हच्या पानावर.

छपाईबद्दल थोडक्यात: कागद पातळ, खिडकीकडे धरला की मागचं उत्तर पुढून वाचता येतं, आणि हे मुलाला पहिल्याच आठवड्यात कळलं. जुलैत पानं फुगली, डिंकाची कड सुटली. सध्या रबर लावून ठेवलंय. आणखी एक, अमेरिकेला भरपूर जागा, सोव्हिएतला कमी, आणि बाकी जग नाहीच. गागारिन १९६१ च्या अखेरीस मुंबईला आला होता, चंद्रमोहिमेवरून आलेले अपोलो ११ चे तिघेही ऑक्टोबर १९६९ मध्ये येऊन गेले. चाळीतली पोरं तेव्हा बघायला पळाली होती असं सासूबाई सांगतात. ऑक्टोबरची पानं पुढे चाळून पाहिली, त्यात ही भेट नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. एकट्याने वाचणार असाल तर तीनच, कारण उत्तरं त्रोटक आहेत आणि बाकीचं तुम्हालाच शोधावं लागेल. आणि घ्यायचं तर डिसेंबरातच घ्या. मे-जूनमध्ये ते अर्ध्या किमतीत दिसेल, पण मोहू नका: ग्लेन २० फेब्रुवारीला, लिओनोव्ह १८ मार्चला, गागारिन १२ एप्रिलला, शेपर्ड ५ मेला. अर्ध्या किमतीत तुम्हाला मिळेल तो बहुतेक नुसत्या प्रदक्षिणा मोजायचा भाग.