सीटीक्यू शॉर्ट फॉर्म: तुरुंगात काम करणाऱ्यांनी घ्यावा का, आणि वापरावा कसा

प्रौढ कैद्याचं लहानपण कसं गेलं, त्याला मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा हेळसांड सोसावी लागली का, हे विचारण्यासाठी मिळणाऱ्या साधनांत चाइल्डहूड ट्रॉमा क्वेश्चनेअर, म्हणजे सीटीक्यूचा शॉर्ट फॉर्म, आमच्या मते सगळ्यात कामाचा आहे. बर्नस्टीन आणि फिंक यांनी 1994 मध्ये मांडलेली मूळ प्रश्नावली 70 विधानांची होती. आताचा फॉर्म 28 विधानांचा असून तो पिअर्सन कंपनी विकते. वाचता येणारा माणूस पाचेक मिनिटांत तो भरून देतो. मात्र निष्काळजीपणे वापरला तर तुरुंगात याच फॉर्ममुळे मोठं नुकसान होऊ शकतं.

आधी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो ते पाहू. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ जस्टिस स्टॅटिस्टिक्सने 1999 मध्ये दिलेल्या अहवालात राज्य तुरुंगांतल्या सुमारे 14 टक्के पुरुषांनी आणि 37 टक्के स्त्रियांनी 18 वर्षांच्या आत शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी वीक्स आणि विडम यांचा न्यूयॉर्क राज्यातल्या 301 पुरुष कैद्यांचा अभ्यास आला. त्यात 12 वर्षांच्या आतलं विचारलं होतं, तरी 68 टक्क्यांनी कोणता ना कोणता अत्याचार सांगितला. दोन्ही अभ्यासांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, दुसऱ्यात हेळसांडही धरली आहे. पण मुख्य फरक असा की तिथे नेमक्या कृती विचारल्या होत्या. ‘तुझा छळ झाला का’ असं विचारलं की माणूस नाही म्हणतो. ‘वळ उठेपर्यंत मारलं का’ असं विचारलं की हो म्हणतो.

सीटीक्यूची खरी ताकद इथेच आहे. शारीरिक माराची पाच विधानं आहेत. एक वळ किंवा काळंनिळं होण्याबद्दल, एक पट्टा, फळी, दोरी अशा वस्तूंनी मारण्याबद्दल, एक डॉक्टरकडे न्यावं लागण्याबद्दल, एक मार इतका की शिक्षक-शेजाऱ्यांच्या लक्षात यावा याबद्दल. पाचवं, क्रमांक 15 चं विधान, आपला शारीरिक छळ झाला असं स्वतःला वाटतं का, एवढंच विचारतं. क्रमांक 11 म्हणजे वळांचं विधान. त्यापुढे 5 (अगदी नेहमी) आणि 15 पुढे 1 (कधीच नाही) असं उत्तर आलं, तर समोरचा माणूस तो मार ‘वळण लावण्यासाठीच होता’ असं मानून चालला आहे. समुपदेशकाला एकूण बेरजेपेक्षा ही जोडी जास्त सांगून जाते, म्हणून नुसती बेरीज काढून फॉर्म फाइलला लावू नये.

गुणांकन सोपं आहे, पण चूक ठरलेल्या जागी होते. प्रत्येक विधानाला ‘कधीच नाही’चा 1 ते ‘अगदी नेहमी’चे 5 असे गुण. भावनिक अत्याचार, शारीरिक अत्याचार, लैंगिक अत्याचार, भावनिक हेळसांड आणि शारीरिक हेळसांड असे पाच गट, प्रत्येकी पाच विधानं, त्यामुळे प्रत्येक गट 5 ते 25. यात 2, 5, 7, 13, 19, 26 आणि 28 ही विधानं उलटी आहेत, म्हणजे 6 मधून उत्तर वजा करून गुण घ्यायचे. भावनिक हेळसांडीची पाचही विधानं उलटीच असल्यामुळे हे विसरलं की मायेच्या घरात वाढलेल्या माणसाला 25 गुण पडतात आणि ज्याला कुणीच विचारलं नाही त्याला 5. एक्सेलमध्ये भरताना आधी हा स्तंभ तपासा. मध्यम ते तीव्र पातळी सुरू होते ती भावनिक अत्याचारासाठी 13 ला, शारीरिकसाठी 10 ला, लैंगिकसाठी 8 ला, भावनिक हेळसांडीसाठी 15 ला आणि शारीरिक हेळसांडीसाठी 10 ला. शारीरिक हेळसांडीचा गट पाचांत सर्वांत डळमळीत आहे. घरात खायलाच नव्हतं आणि असून दिलं नाही, यांतला फरक त्यातून कळत नाही. गरीब वस्तीतून आलेल्या कैद्याचे इथले गुण चढले, तर आईबापांवर शिक्का मारण्याआधी प्रत्यक्ष बोलून घ्यावं.

उरलेली 10, 16 आणि 22 ही तीन विधानं झाकपाक ओळखण्यासाठी आहेत. माझं घर जगात सर्वांत उत्तम, अशा धाटणीची. यांपुढे पूर्ण 5 दिलेले असतील तर बाकीच्या कमी गुणांवर लगेच विश्वास ठेवू नका. आईबापांबद्दल वावगं बोलायचं नाही हा संस्कार आपल्याकडे कोठडीतही सुटत नाही. शिवाय माणूस विसरतोही. लिंडा विल्यम्स यांच्या 1994 च्या अभ्यासात, लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याची नोंद असलेल्या 129 स्त्रियांना सुमारे 17 वर्षांनी विचारलं, तेव्हा 38 टक्क्यांनी ती घटना सांगितली नाही. कमी गुण म्हणजे काही घडलंच नाही, असं कधीही लिहू नये.

सगळीकडे फुकट मिळणाऱ्या 10 प्रश्नांच्या एसीई, म्हणजे लहानपणीच्या प्रतिकूल अनुभवांच्या, यादीशी तुलना होणारच. ती अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये कैसर पर्मनंटे या आरोग्यसेवा संस्थेत झालेल्या अभ्यासातून आली, 1995 ते 1997 मध्ये 17 हजारांवर लोकांना विचारून. तिच्यात आईवडिलांचं विभक्त होणं आणि लैंगिक अत्याचार या दोन्हींना एकेकच गुण आहे. किती वेळा, किती वर्षं, याला जागा नाही. मूळ अभ्यास करणाऱ्यांपैकी रॉबर्ट अँडा यांनीच 2020 मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलं की हा आकडा एकेका माणसाबद्दल निर्णय घ्यायला वापरू नये. संपूर्ण तुरुंगाचं चित्र हवं असेल तर ती चालते. वेल्समधल्या पार्क तुरुंगात 470 पुरुषांना अशाच धर्तीचे प्रश्न विचारले, तेव्हा 84 टक्क्यांनी निदान एक आणि 46 टक्क्यांनी चार किंवा जास्त प्रतिकूल अनुभव सांगितले.

सीटीक्यूची मोठी उणीव म्हणजे माराची विधानं घरच्यांभोवती फिरतात. फलाटावर, बालगृहात किंवा मालकाकडे कामाला राहून वाढलेल्या मुलाला मारणारे घरचे नव्हतेच. आईला मार खाताना पाहणं, बाप तुरुंगात असणं, हेही त्यात नाही. अशा ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेची एसीई-आयक्यू, म्हणजे एसीईची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली, जोडीला घ्यावी. तिच्या 13 प्रकारांत वस्तीतली हिंसा, दंगली आणि समवयस्कांकडून होणारा त्रासही येतो. आपल्या तुरुंगातला आकडा नुसता कधीच मांडू नये. महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासात महाराष्ट्र-गोव्यासह 13 राज्यांतल्या दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. बाहेरचं प्रमाण शेजारी नसेल, तर तुरुंगातला आकडा काहीच सिद्ध करत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. लिहिता-वाचता न येणाऱ्याला विधानं मानसशास्त्रज्ञानेच वाचून दाखवावीत, लिखापढी करणाऱ्या दुसऱ्या कैद्याने कदापि नाही. लैंगिक अत्याचाराची उत्तरं बराकीत पोहोचली तर त्या माणसाचं तिथलं जगणं अवघड होतं. शिपाई दिसेल पण ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर असावा. शिक्षेतल्या सुटीचा किंवा जामिनाचा उल्लेखही करू नये. संमती घेण्याआधी पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याची, अट स्पष्ट सांगावी: कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे आणि कलम 19 प्रमाणे गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना द्यावी लागते, न दिल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. आज 22 वर्षांचा कैदी 2015 सालचं सांगू लागला, तर हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाशी बोलून संमतीपत्राचा मजकूर आधीच ठरवून ठेवा. फॉर्मवर नाव न घालता सांकेतिक क्रमांक घाला आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवा.

आणि वेळ सकाळची घ्या. संध्याकाळी बराकी बंद होण्याच्या तोंडावर फॉर्म भरून घेतला, तर वर आलेल्या आठवणी घेऊन तो माणूस रात्रभर आत राहतो आणि त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा भेटणं शक्य नसेल, तर त्या दिवशी फॉर्म काढूच नका.