±२ टक्केवाला सिरिंज पंप: घ्यावा का?

आमच्या सांगलीकडच्या हॉस्पिटलात आयसीयूसाठी एका देशी कंपनीचे सिरिंज पंप (सिरिंजचा दट्ट्या मोटरने हळूहळू ढकलून ठरल्या दराने औषध देणारी यंत्रं) घेतले. मी तिथला बायोमेडिकल इंजिनिअर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढचं बरंचसं कुठल्याही सिरिंज पंपाला लागू आहे.

कॅटलॉगात अचूकता ±२ टक्के छापलीय आणि ती मिळते. कंपनीने सांगितलेलीच ५० मिलीची सिरिंज लावली, दर ५ मिली/तास ठेवला, नळीचं टोक काट्यावरच्या बीकरमधल्या पाण्यात सोडलं, वर तेलाचा पातळ थर दिला (पाणी उडून वजन घटायला नको) आणि पहिला तास सोडून दुसऱ्या तासाचं वजन घेतलं. दोन टक्क्यांच्या आत.

मग दर १ मिली/तासावर आणला. नवजात बाळांना, किंवा नॉरअॅड (नॉरअॅड्रेनलिन, बीपी वर ठेवायचं औषध) घट्ट बनवलं असेल तर असेच दर लागतात. स्टार्ट दाबलं, स्क्रीनवर बाण पळायला लागले, टोकाशी मात्र बराच वेळ काहीच नाही. कारण सरळ आहे. या सिरिंजचा आतला व्यास साधारण २८ मिमी, म्हणजे तासाभरात दट्ट्या सरकणार जेमतेम १.६ मिमी. त्यातला काही भाग गिअरची ढील खाते, काही रबर दबण्यात जातो. शिवाय रबर काचकूच करत अडकतं आणि मग एकदम सुटतं. १० मिलीची सिरिंज लावली की दट्ट्याला त्याच दराला ५ मिमीच्या आसपास जावं लागतं. औषध लवकर आणि बरंच सारखं येतं.

मॅन्युअलच्या शेवटी तुतारीसारखा उघडणारा आलेख असतो. आयईसी ६०६०१-२-२४ या मानकात तो मागितलेला आहे, पण विकणारे ते पान कधी उघडत नाहीत. तासाची बेरीज बरोबर असली तरी दोन मिनिटांपुरतं पाहिलं तर चूक किती, हे त्यात दिसतं. अँटिबायोटिकला तासाची बेरीज पुरते. नॉरअॅड रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं, तिथे बीपी लगेच वर-खाली होतं.

दुसरी गोम सिरिंजच्या ब्रँडची. पंप क्लॅम्पवरून साइज ओळखतो, ब्रँड सिस्टरनेच स्क्रीनवर निवडायचा, त्यावरूनच पंप आतला व्यास धरतो. स्टोअर मात्र ज्याचं कोटेशन कमी त्याचा माल आणतं. व्यासात एका मिलिमीटरचा फरक पडला तर २८ मिमीवर सात टक्के गेलेच. ±२ चं काय घेऊन बसलात!

आवडलं ते हे: नळी अडली तर किती दाबाला अलार्म वाजावा ती मर्यादा बारीक टप्प्यांत लावता येते, आणि तो अलार्म वाजल्यावर पंप दट्ट्या थोडा मागे घेतो, त्यामुळे अडथळा काढला की साचलेलं औषध पेशंटला एकदम जात नाही. तरी १ मिली/तासाला ऑक्लूजनचा (नळी अडल्याचा) अलार्म वाजायला वेळ लागतोच, म्हणून मर्यादा खालची ठेवा. पर्जचं (औषध जोरात ढकलून नळी भरून घ्यायचं) बटण मेन्यूत तीन पायऱ्या आत दडवलंय, हे मात्र डोक्यात जातं. लाइन पेशंटला जोडण्याआधी पर्ज केलं की सुरुवातीची ढील बरीच निघते. ते बटण समोर हवं होतं. आणि पंप स्टँडच्या टोकाला टांगू नका, हृदयाच्या पातळीला ठेवा. चालू असताना वर उचलला तरी जादा डोस जातो.

मोठ्यांच्या आयसीयूला घ्या, पैसे वसूल आहेत. एनआयसीयूसाठी (नवजात बाळांच्या आयसीयूसाठी) घेणार असाल तर डीलरकडून डेमो १ मिली/तासावरच मागा, तोही तुमच्या स्टोअरमधली सिरिंज लावून.